जुन्या फाइली नॅसवर हलवताना मूळ तारखा कशा टिकवायच्या

लग्नपत्रिका, दिवाळी अंक आणि ग्रामपंचायतीचे अहवाल करणाऱ्या कुठल्याही डीटीपी केंद्रात एक फोल्डर हमखास सापडतो. त्यात ‘मुखपृष्ठ_अंतिम’, ‘मुखपृष्ठ_अंतिम२’ आणि ‘मुखपृष्ठ_नक्की_अंतिम’ अशा तीन फाइली असतात. यातली छापखान्यात कुठली गेली, हे नावावरून कुणालाच सांगता येत नाही. पेजमेकरच्या किंवा कोरलच्या जुन्या फाइलींच्या बाबतीत तर फाइलची तारीख एवढाच पुरावा उरलेला असतो. संगणक भरला म्हणून हे सगळं नेटवर्क स्टोरेजवर, म्हणजे नॅसवर टाकलं आणि तारखा आजच्या झाल्या, तर फाइली शाबूत राहूनही त्यांचा क्रम हरवतो.

खालची पद्धत मुख्यतः विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकावरून घरातल्या वा ऑफिसातल्या नॅसवर फाइली नेण्यासाठी आहे. मॅक, लिनक्स आणि फोनचं थोडक्यात पुढे येईल. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. फोल्डरांची आणि नॅसची नावं नमुन्यादाखल आहेत, तिथे तुमची घाला. ‘डीएटी’ दिसलं की डी, ए, टी ही तीन अक्षरं सलग.

कुठली तारीख वाचवायची आहे?

विंडोजची एनटीएफएस ही फाइल पद्धत प्रत्येक फाइलसोबत, आपल्या कामाच्या दृष्टीने, तीन तारखा ठेवते: क्रिएटेड, मॉडिफाइड आणि अ‍ॅक्सेस्ड. अ‍ॅक्सेस्ड विसरून जा. फाइल नुसती उघडली किंवा अँटिव्हायरसने चाळली तरी ती बदलू शकते, तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

मॉडिफाइड म्हणजे फाइलच्या आतला मजकूर शेवटचा कधी बदलला. ही तारीख चिवट आहे. विंडोजमध्ये साधं कॉपी-पेस्ट केलं तरी टिकते. क्रिएटेड मात्र ही विशिष्ट प्रत या विशिष्ट डिस्कवर कधी तयार झाली ते सांगते, म्हणून कॉपी केली की ती आजची होते. त्यामुळे २००९ सालची मॉडिफाइड आणि २०२१ सालची क्रिएटेड अशी उलटी जोडी दिसली तर घाबरू नका. त्या फाइलची २०२१ मध्ये कुणीतरी कॉपी केली होती, एवढाच त्याचा अर्थ. खरी क्रिएटेड तारीख तेव्हाच गेली, आता नॅसवर नेताना कितीही काळजी घेतली तरी ती परत येणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा: मॉडिफाइडवर ठाम राहा, क्रिएटेड मिळाली तर घ्या. कामाचा क्रम, कुठला मसुदा नंतरचा, हे सगळं मॉडिफाइडवरूनच कळतं. अपवाद दोन. एक, वकील किंवा सीएच्या ऑफिसात कागद मुळात कधी तयार झाला हेच विचारलं जाऊ शकतं. दोन, फोल्डरची तारीख. फोल्डर एक्स्प्लोररमधून कॉपी केला की त्याची तारीख बहुतेक वेळा आजची होते, आणि वर्षानुसार फोल्डर लावणाऱ्यांचा सगळा डोलारा कोसळतो.

आधी नीट बघून घ्या

एक्स्प्लोररमध्ये फोल्डर उघडा, दृश्य ‘डिटेल्स’वर ठेवा, रकान्यांच्या मथळ्यावर उजवं क्लिक करा आणि ‘डेट मॉडिफाइड’ व ‘डेट क्रिएटेड’ हे दोन्ही रकाने चालू करा. फोटोंच्या फोल्डरमध्ये नुसता ‘डेट’ असा रकाना आपोआप येतो. त्याच्यावर विसंबू नका. फोटोच्या आत कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख असेल तर तो रकाना तीच दाखवतो, त्यामुळे फाइलची तारीख बिघडली असली तरी सगळं ठीक वाटतं.

मग तारखांची यादी काढून ठेवा. पॉवरशेल, म्हणजे विंडोजची टाइप करून आज्ञा देण्याची खिडकी, उघडून ही एक ओळ द्या:

गेट-चाइल्डआयटम "डी:\जुनं काम" -रिकर्स -फोर्स | सिलेक्ट-ऑब्जेक्ट फुलनेम, लेंग्थ, क्रिएशनटाइमयूटीसी, लास्टराइटटाइमयूटीसी | एक्स्पोर्ट-सीएसव्ही "सी:\नोंद\आधी.सीएसव्ही" -नोटाइपइन्फर्मेशन -एन्कोडिंग यूटीएफ८

‘नोंद’ हा फोल्डर आधी स्वतः तयार करा. शेवटचा एन्कोडिंगचा तुकडा मराठी माणसाने गाळायचा नाही. विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ५.१ यादी साध्या आस्कीमध्ये, म्हणजे फक्त इंग्रजी चिन्हांच्या संचात लिहितं, आणि फाइलींची देवनागरी नावं ओळीने प्रश्नचिन्हं होऊन बसतात. हजारभर प्रश्नचिन्हांच्या यादीवरून काहीच पडताळता येत नाही.

नावांवरून आणखी एक. लिनक्सवर चालणाऱ्या नॅसमध्ये एका फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे धरून, तीन बाइट घेतं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजची मर्यादा २५५ चिन्हांची असल्यामुळे ‘वार्षिक सर्वसाधारण सभा इतिवृत्त दुरुस्त प्रत अध्यक्षांच्या सहीसह…’ असली लांबलचक नावं तिथे सुखाने नांदतात आणि नॅसवर अडतात. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर शेअर फोल्डर जुन्या पद्धतीने एन्क्रिप्ट केलेला असेल तर मर्यादा १४३ बाइटवर येते, देवनागरीत ४७ चिन्हं. अशी नावं आधीच छोटी करा. नाव बदलल्याने मॉडिफाइड तारीख बदलत नाही.

नॅसच्या सेटिंगमध्ये टाइम झोन भारताचा आहे ना आणि घड्याळ इंटरनेटवरून जुळतं आहे ना, हेही याच वेळी बघून घ्या.

कॉपी रोबोकॉपीने करा

रोबोकॉपी ही फाइली कॉपी करणारी आज्ञा विंडोजमध्ये व्हिस्टापासून अंगचीच आहे, वेगळं काही उतरवून घ्यायला नको. ड्रॅग करून टाकण्यापेक्षा ती दोन कारणांसाठी बरी: क्रिएटेड तारीखही सोबत नेते, आणि मध्येच वायफाय गेलं तर पुन्हा चालवल्यावर उरलेलंच उचलते.

कमांड प्रॉम्प्ट उघडून पहिल्यांदा चाचणी घ्या:

रोबोकॉपी "डी:\जुनं काम" "\\नॅस\दफ्तर\जुनं काम" /ई /कॉपी:डीएटी /डीकॉपी:डीएटी /एफएफटी /एक्सजे /आर:२ /डब्ल्यू:५ /युनिलॉग:"सी:\नोंद\चाचणी.टीएक्सटी" /टीईई /एल

शेवटचा ‘/एल’ असेपर्यंत एकही फाइल हलत नाही, फक्त काय होईल त्याची यादी येते. यादी पटली की ‘/एल’ काढून तीच ओळ पुन्हा द्या.

बाकीच्या स्विचांपैकी, म्हणजे तिरक्या रेघेने सुरू होणाऱ्या पर्यायांपैकी, ‘/ई’ रिकाम्या फोल्डरांसह सगळी उतरंड नेतो. ‘/कॉपी:डीएटी’ म्हणजे मजकूर, गुणधर्म आणि वेळा. हे रोबोकॉपी न सांगताही करते, पण लिहिलेलं बरं. खरी गोम ‘/डीकॉपी:डीएटी’मध्ये आहे. फोल्डरांच्या बाबतीत रोबोकॉपीचं ठरलेलं वर्तन ‘डीए’ इतकंच आहे, त्यात वेळेचा ‘टी’ नाही. तो आपण घातला नाही तर फाइलींच्या तारखा बरोबर आणि फोल्डर मात्र सगळे आजचे, असा अर्धवट निकाल हाती येतो. रोबोकॉपी वापरूनही तारखा गेल्याची तक्रार करणाऱ्यांचं बहुतेकदा इथेच चुकलेलं असतं.

‘/एफएफटी’ने तारखांची तुलना करताना दोन सेकंदांपर्यंतचा फरक चालवून घेतला जातो. एनटीएफएस वेळ १०० नॅनोसेकंदांपर्यंत बारीक लिहिते. जुन्या नॅसवरची एक्स्ट३ फाइल पद्धत पूर्ण सेकंदावरच थांबते. हा स्विच नसेल तर त्या किरकोळ फरकापायी दुसऱ्या फेरीला रोबोकॉपी सगळ्या फाइली बदललेल्या समजून पुन्हा ओढत बसेल. ‘/आर:२ /डब्ल्यू:५’ म्हणजे फाइल अडली तर दोनदा प्रयत्न, मध्ये पाच सेकंद. हे दिलं नाही तर मूळ आकडे दहा लाख प्रयत्न आणि दर वेळी ३० सेकंद असे आहेत. कुणीतरी उघडी ठेवलेली एक एक्सेल फाइल रात्रभर तुमची कॉपी रोखून धरू शकते. ‘/युनिलॉग’ कामाची नोंद, म्हणजे लॉग, मराठी नावांसकट फाइलमध्ये लिहितो. साध्या ‘/लॉग’मध्ये देवनागरीचा चुरा होतो.

तीन गोष्टी टाळा. ‘/कॉपीऑल’ दिसायला भरभक्कम वाटतो, पण तो मालकी आणि परवानग्याही नेऊ पाहतो, त्या नॅसला पचत नाहीत आणि चुकांचा पाऊस पडतो. ‘/एमआयआर’ मूळ फोल्डरमध्ये नसलेलं सगळं नॅसवरून पुसतो; पहिल्याच कॉपीला त्याचं काही काम नाही. आणि अवतरणचिन्हांतला मार्ग उलट्या तिरक्या रेघेवर संपवू नका. "डी:\" असं लिहिलं की ती रेघ पुढच्या अवतरणचिन्हाला गिळते आणि आज्ञेचा अर्थच बदलतो. अख्खा ड्राइव्ह न्यायचा असेल तर डी:\ असं अवतरणाशिवाय लिहा.

आता ‘मूव्ह’बद्दल. रोबोकॉपीत ‘/एमओव्हीई’ आहे, एक्स्प्लोररमध्ये कट-पेस्ट आहे. नेटवर्कवर दोन्ही नकोत. पडताळणी होण्याआधी मूळ फाइल पुसली गेली की तारीख चुकली तरी दाद मागायला जागा उरत नाही. कॉपी करा, तपासा, मग पुसा.

निकाल वाचणं आणि पडताळणी

संपल्यावर खाली एक छोटा तक्ता येतो. त्यातला ‘फेल्ड’ हा रकाना आधी बघा, तो शून्य हवा. शून्य नसेल तर लॉग उघडून ‘एरर’ शोधा. लांब नावं आणि उघड्या फाइली हेच नेहमीचे गुन्हेगार. बॅच फाइलमधून चालवत असाल तर निकालाचा अंक १ आला म्हणजे काही बिघडलं असं नाही. फाइली नीट कॉपी झाल्या की १ च येतो. ८ किंवा त्यापुढचा आकडा आला तर मात्र काहीतरी राहिलं आहे.

मग तीच आज्ञा ‘/एल’ लावून पुन्हा चालवा. ‘कॉपीड’मध्ये शून्य आलं म्हणजे आकार आणि मॉडिफाइड तारखा दोन्हीकडे जुळतात. पण क्रिएटेड तारीख रोबोकॉपी तुलनेत धरत नाही. ती हवी असेल तर मघाची पॉवरशेलची ओळ नॅसच्या फोल्डरवर चालवून ‘नंतर.सीएसव्ही’ काढा, दोन्ही याद्या एक्सेलमध्ये उघडा, मार्गाचा सुरुवातीचा भाग ‘फाइंड-रिप्लेस’ने काढून टाका आणि शेजारी शेजारी ताडून बघा. सगळ्या ओळी जुळल्या तर उत्तम. सगळ्यांत अगदी ठराविक तासांचा फरक दिसला तर टाइम झोनची भानगड समजा.

फाइली आधीच एक्स्प्लोररने नॅसवर टाकून बसला असाल आणि मूळ संगणकावर त्या अजून असतील, तरीही गेलेलं परत मिळतं. अशा वेळी मॉडिफाइड आणि आकार जुळत असल्यामुळे रोबोकॉपी फाइली वगळून पुढे जाते आणि क्रिएटेड चुकीचीच राहते. वरच्या आज्ञेत ‘/टिमफिक्स’ जोडला की वगळलेल्या फाइलींच्या वेळाही ती दुरुस्त करते. आधी एखाद्या लहान फोल्डरवर करून बघा. आणि मधल्या काळात कुणी नॅसवरची प्रत उघडून तिच्यात बदल केला असेल तर सावध: मूळ जुनी फाइल नव्या कामावर चढेल. अशा फाइली वाचवायला ‘/एक्सओ’ लावा, त्याने मूळ फाइल जुनी असेल तर ती सोडून दिली जाते.

नॅसच्या पोटात क्रिएटेड तारीख कुठे असते?

बहुतेक नॅसमध्ये आत लिनक्स असतं आणि विंडोजशी बोलायला सांबा नावाची प्रणाली. लिनक्सच्या फाइल पद्धती फाइलची जन्मवेळ स्वतः नोंदवतात खऱ्या, पण ती बाहेरून बदलायची सोय लिनक्स देत नाही. मग विंडोजने पाठवलेली क्रिएटेड तारीख सांबा ठेवतो कुठे? फाइलला चिकटवलेल्या एका वेगळ्या नोंदीत, जिचं नाव ‘युजर.डॉसअ‍ॅट्रिब’. विंडोजने विचारलं की तिथून वाचून दाखवतो. सांबाच्या ४.९ आवृत्तीपासून ही सोय आपोआप चालू असते. त्याआधीच्या नॅसवर ‘स्टोअर डॉस अ‍ॅट्रिब्यूट्स’ हे सेटिंग चालू करावं लागतं. ते बंद असेल तर सांबा हाताशी असलेल्या तारखांपैकी सगळ्यात जुनी क्रिएटेड म्हणून दाखवतो. नॅसवरच्या प्रत्येक फाइलची क्रिएटेड आणि मॉडिफाइड तंतोतंत सारखी दिसत असेल तर हीच शंका घ्या.

याचा अर्थ असा की क्रिएटेड तारीख ही चिकटवलेली चिठ्ठी आहे, आणि चिठ्ठी दुसऱ्या स्थलांतरात सहज गळून पडते. पहिल्यांदा सगळं नीट केलं, दोन वर्षांनी नवा नॅस घेतला आणि जुन्यावरून नव्यावर ‘आरसिंक -ए’ या लिनक्सच्या साध्या कॉपी-आज्ञेने फाइली नेल्या, तर मॉडिफाइड येते, चिठ्ठी येत नाही. त्यासाठी ‘-एक्स’ हा मोठ्या लिपीतला पर्याय जोडावा लागतो: आरसिंक -एएक्स. एकाच व्हॉल्यूममध्ये फाइल इकडून तिकडे हलवली तर काही जात नाही. तसंच यूएसबी डिस्क थेट नॅसला लावून नॅसच्या स्वतःच्या कॉपी बटणाने फाइली आत घेतल्या तर विंडोज आणि सांबा मध्ये येतच नाहीत, त्यामुळे क्रिएटेड तारीख हवी असणाऱ्यांनी डिस्क संगणकाला लावून रोबोकॉपीनेच न्यावी. वेळ जास्त लागेल, त्याला इलाज नाही.

फोल्डरची मॉडिफाइड तारीख याहून नाजूक. फोल्डरमध्ये एखादी फाइल आली-गेली की ती बदलते. नेटवर्कवरचा फोल्डर नुसता उघडला तरी विंडोज त्यात ‘थंब्स.डीबी’ आणि मॅक ‘.डीएस_स्टोअर’ लिहून ठेवू शकतो, की झाली तारीख आजची. फोल्डरची तारीख महत्त्वाची असेल तर नावाच्या सुरुवातीलाच ‘२००९-०८-१४’ अशी वर्ष-महिना-दिवस घाला. नावावर लावलं की क्रम आपोआप लागतो.

मॅक, लिनक्स, फोन आणि ब्राउझर

लिनक्सवर ‘सीपी -ए’ किंवा ‘आरसिंक -ए’ वापरा. पर्याय न देता चालवलेली ‘सीपी’ मॉडिफाइडसुद्धा आजची करते. नॅस माउंट करून, म्हणजे संगणकाला ड्राइव्हसारखा जोडून, आरसिंक चालवल्यावर ‘फेल्ड टू सेट टाइम्स’ अशी तक्रार आली तर माउंटची मालकी दुसऱ्याच्या नावावर असते; माउंट करताना ‘यूआयडी=’ देऊन स्वतःच्या नावावर घ्या. आरसिंकमध्ये मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर फक्त आतला ऐवज जातो, न दिली तर फोल्डरसकट. मॅकच्या टर्मिनलमध्ये ‘सीपी’ला निदान ‘-पी’ हवंच. एफटीपीने पाठवणार असाल तर फाइलझिलाच्या ‘ट्रान्स्फर’ मेनूतलं ‘प्रिझर्व्ह टाइमस्टॅम्प्स’ आधी चालू करा.

नॅसच्या वेबपानावरून अपलोड करणं मात्र तारखांच्या कामासाठी बाद धरा. ब्राउझर वेबपानाला फाइलची फक्त शेवटच्या बदलाची वेळ सांगतो, क्रिएटेड सांगतच नाही, आणि ती एक वेळही वापरायची की नाही ते समोरच्या प्रणालीच्या मर्जीवर.

अँड्रॉइड फोन केबलने लावून एक्स्प्लोररने फोटो ओढले तर तारखा अनेकदा आजच्या होतात. थोडी खटपट चालणार असेल तर संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या एडीबी या साधनाची ‘एडीबी पुल -ए’ ही आज्ञा मॉडिफाइड वेळ सांभाळून फाइली उतरवते.

कॅमेऱ्याच्या कार्डाची गंमत वेगळी. फॅट३२ कार्डावर वेळ स्थानिक घड्याळानुसार लिहिली जाते, कुठल्या टाइम झोनची हे लिहिलेलंच नसतं. न्यू जर्सीतल्या भावाने तिथे काढलेल्या फोटोंचं कार्ड पुण्यात आणून लावलं की विंडोज ती वेळ भारतीय समजतं आणि खऱ्या क्षणापासून साडेनऊ किंवा हिवाळ्यात साडेदहा तास चुकतं. रोबोकॉपी चुकीची वेळ प्रामाणिकपणे नॅसवर पोचवते.

मूळ प्रत गेली असेल तर

फोटोंना आशा आहे. कॅमेरा टिपल्याची वेळ फोटोच्या आत एक्झिफ नोंदीत असते, ती कॉपीने बदलत नाही. एक्झिफटूल हा मोफत प्रोग्राम ती वाचून फाइलच्या तारखेत भरतो:

एक्झिफटूल -आर "-फाइलमॉडिफायडेट<डेटटाइमओरिजिनल" "\\नॅस\दफ्तर\फोटो"

विंडोजवर ‘फाइलक्रिएटडेट’ही याच रीतीने भरता येते. या आज्ञेने फोटोच्या आतला मजकूर पुन्हा लिहिला जात नाही, फक्त बाहेरची तारीख बदलते. तरी आधी दहा फोटोंची प्रत वेगळी काढून तिच्यावर करून बघा. उलट, एक्झिफटूलने फोटोत शीर्षक किंवा नाव भरणार असाल तर मोठ्या लिपीतलं ‘-पी’ लावा, नाहीतर मॉडिफाइड आजची होईल.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंमधली एक्झिफ नोंद निघून गेलेली असते. ‘आयएमजी-२०१९०८१४-डब्ल्यूए०००३’ अशा नावातून फक्त दिवस कळतो, वेळ नाही, आणि तोही फोटो काढल्याचा नव्हे, व्हॉट्सअ‍ॅपवर आल्या-गेल्याचा. वर्डच्या नव्या स्वरूपातल्या फाइली आणि पीडीएफ आपल्या पोटात तयार झाल्याची व बदलल्याची तारीख सहसा बाळगतात, एक्झिफटूल त्याही वाचतो. पेजमेकरच्या बाबतीत असा आधार नाही, तिथे जुनी सीडी किंवा बॅकअप डिस्क शोधणं हाच मार्ग. सीडीवर जाळलेल्या प्रतीत मॉडिफाइड तारीख बहुधा शाबूत असते.

व्हिडिओंना शेवटी हात लावा. एमपी४मध्ये वेळ नियमाप्रमाणे यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहायची असते. फोन ते पाळतात, काही कॅमेरे मात्र स्थानिक वेळच ठोकून देतात. एक्झिफटूलला ‘-एपीआय क्विकटाइमयूटीसी’ दिलं की तो ती वेळ यूटीसी समजून भारतीय वेळेत बदलतो. फोनच्या व्हिडिओंना हे द्या. कॅमेऱ्याच्या व्हिडिओंसाठी आधी असा एखादा व्हिडिओ निवडा ज्याची वेळ पक्की ठाऊक आहे, म्हणजे मुहूर्तावर लागलेल्या लग्नाचा, आणि तो साडेपाच तास पुढे जातो का ते बघून मग ठरवा.